भिजवलं होतं का?

आमच्या हॉलमधून गॅलरीत जाणारा काचेचा सरकता दरवाजा सहा फूट रुंद आणि आठ फूट उंच आहे. ठाण्यातला हा फ्लॅट घेताना बिल्डरच्या माणसाने हाच दरवाजा सरकवून आम्हाला येऊरचे डोंगर दाखवले होते आणि डोंगरांचे म्हणून चौरस फुटामागे थोडे पैसे जास्त लावले होते. दोन वर्षांत डोंगर आणि आमच्यामध्ये एक इमारत उभी राहिली. तिच्या पाचव्या मजल्यावरचे गृहस्थ रोज सकाळी साडेसहाला बनियनवर सूर्यनमस्कार घालतात. सूर्य आमच्या इमारतीच्या मागून उगवतो, त्यामुळे त्यांचे बाराही नमस्कार आधी आमच्या हॉलला पोचतात. मी चहाचा कप घेऊन समोर बसलेला असलो की आशीर्वाद द्यावा की नजर चुकवावी हे कळत नसे. म्हणून पडदे शिवायचं ठरलं.

बायकोचं मत पॉलिएस्टरच्या बाजूने होतं. धुवायला सोपं, इस्त्रीची कटकट नाही, वर्षानुवर्षं जसंच्या तसं. मी सुती कापडावर अडून बसलो. याला विचार असा काही नव्हता, आजोळ होतं. इचलकरंजी माझ्या आईचं माहेर. ज्या गावात विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला, ज्याला लोक महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, त्या गावच्या भाच्याने स्वतःच्या हॉलमध्ये पॉलिएस्टर टांगायचं? ‘टांगायचं कशाला, घाल अंगावर,’ असं बायको म्हणाली, पण तोवर मी सुती कापडांचा कॅटलॉग मागवला होता.

दुकानात गेल्यावर कळलं की पडदा ही दारापेक्षा फारच मोठी वस्तू असते. सहा फुटांच्या दाराला सहा फूट कापड लावलं तर त्याला पडदा म्हणत नाहीत, मांडवाची कनात म्हणतात. चुण्या पडायला हव्यात, म्हणून दुप्पट, म्हणजे बारा फूट. कापडाचा पन्हा ४८ इंच, म्हणून तीन पॅनल. पण तीन पॅनल डावी-उजवीकडे सारखे वाटता येत नाहीत, म्हणून चार. उंची ९६ इंच, वरच्या कड्यांच्या पट्टीसाठी आणि खालच्या दुमडीसाठी मिळून आणखी १२ इंच. म्हणजे एका पॅनलला पावणेतीन मीटर. चौघांचे अकरा मीटर. शिवाय शिलाई पॅनलवर, कड्या डझनावर, दांडा फुटावर आणि फिटिंग वेगळं. सगळं वेगवेगळ्या मापात असल्यामुळे बेरीज होईपर्यंत माणसाला किंमत कळत नाही आणि कळते तेव्हा कापड कापून झालेलं असतं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी फिटिंगवाला पोरगा येऊन पडदे लावून गेला. मोतिया रंगावर फिकट हिरवी पानं. दांड्यापासून थेट फरशीपर्यंत, मधे फट म्हणून नाही. बघत राहावं असं. समोरच्या इमारतीतला व्यायाम बंद झाला, निदान आमच्यापुरता. आई देवाच्या वाती वळत बसली होती. तिने वर पाहिलं, दोन बोटांत कापड चुरगाळून बघितलं आणि विचारलं, “छान आहेत. कापड भिजवलं होतं का?”

आम्ही दोघं हसलो. पडदे काय कोणी भिजवतं?

आता इथे आईची बाजू सांगायला हवी. तिच्या पिढीत कापड घरात यायचं ते आधी बादलीत जायचं. शिंप्याकडे जाण्याचा रस्ता बादलीतून होता. ब्लाऊजचं अस्तर, परकराचं कापड, साडीचा फॉल, सगळं रात्रभर पाण्यात. रंग जाण्याची शंका असली तर मूठभर खडेमीठ. सकाळी न पिळता दोरीवर. फॉल भिजवल्याशिवाय लावणारी बाई ही आईच्या हिशेबात संसाराला नालायक. कारण न भिजवलेला फॉल पहिल्या धुण्यात आखडतो आणि साडीचा काठ गोळा करून टाकतो. मग ती बाई लग्नात मिरवते तेव्हा पायाशी मुरमुऱ्यांची पिशवी बांधल्यासारखं दिसतं. माझी शाळेची खाकी पँट जूनमध्ये शिवली जायची ती ‘वाढत्या अंगाची’. जूनमध्ये ती गुडघ्याखाली असे. मी वाढायचो, पण एका वर्षी घाईत कापड भिजवायचं राहिलं आणि पावसाळ्यात पँटही वर निघाली. दोन्ही बाजूंनी काम सुरू असल्यामुळे नवरात्रातच मी वर्गात ‘चड्डी’ या नावाने ओळखला जाऊ लागलो. इतका अनुभव गाठीशी असूनही मी हसलो, हे नोंदवून ठेवतो.

दिवाळी गेली, थंडी गेली, उन्हाळा गेला. जुलैतल्या एका दुपारी गॅलरीचं दार डाव्या बाजूने उघडं राहिलं. ते कोणी उघडं ठेवलं याची चौकशी अद्याप चालू आहे. आमची गॅलरी पश्चिमेला, पाऊसही तिकडूनच येतो. संध्याकाळी घरी आलो तर डावीकडचे दोन्ही पॅनल कमरेपर्यंत चिंब. दोन दिवसांत वाळले आणि वाळल्यावर लक्षात आलं की डावा पडदा फरशीपासून दोन इंच वर आहे. उजवा आपल्या जागी.

दोन इंच म्हणजे काही नाही, असं म्हणणाऱ्याने सोफ्यावर बसून ते दोन इंच आठ दिवस बघावेत. टीव्ही बघता येत नाही. नजर जाते ती तिथेच. मला एक सोपा उपाय सुचला. डावा वर गेला आहे, तर उजवाही तेवढाच वर न्यायचा. म्हणजे धुवायचा. आपोआप सारखे होतील.

उजवा मी मशीनमध्ये टाकला आणि स्वच्छ निघावा म्हणून गरम पाण्याचं बटण दाबलं. तो साडेचार इंच वर गेला.

लहानपणी दोन मांजरं, लोण्याचा गोळा आणि तराजूवाल्या माकडाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. आमच्या घरी माकडाची जागा वॉशिंग मशीनने घेतली. उजवा जास्त वर गेला म्हणून डावा धुतला. तो पाच इंचांवर गेला. मग डावा जास्त म्हणून उजवा पुन्हा. सुती कापड एका धुण्यात पुरतं आटत नाही, दोन-तीन धुण्यांपर्यंत थोडं थोडं शिल्लक ठेवतं, ही माहिती मला नंतर मिळाली. त्या वेळी मी फक्त इंची टेप घेऊन उकिडवा बसत होतो आणि आकडे भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहीत होतो. शेवटी आईने मशीनची पिन काढून ठेवली. तेव्हा दोन्ही बाजू बरोब्बर साडेसात फुटांवर आल्या होत्या. समानता प्रस्थापित झाली होती आणि खाली सहा इंच मोकळे होते.

सहा इंचांचा आखूड पडदा कसा दिसतो? पावसात दादरच्या हिंदमाताला पाणी भरल्यावर माणूस पँट दुमडून, चपला हातात घेऊन उभा राहतो ना, तसा. आमचा हॉल बाराही महिने पाणी ओसरायची वाट बघत असल्यासारखा दिसू लागला. (कापड हिंदमाताच्या बाजारातून घेतलं असतं तर दुकानातच भिजून मिळालं असतं, असं मूळचे दादरचे एक शेजारी म्हणाले. दादरच्या माणसाला मुलुंडपलीकडच्या लोकांना असं बोलायला आवडतं.) दुपारी चारला त्या सहा इंचांतून उन्हाची एक पट्टी आत येते आणि सोफ्याखाली काय काय आहे ते पाहुण्यांना दाखवते. कबुतरांची तर सोयच झाली. पूर्वी पडद्याशी येऊन ती गोंधळायची. आता दार उघडं दिसलं की मान पुढे-मागे करत, सोसायटीचे सभासद असल्यासारखी, खालून सरळ आत येतात. समोरचे गृहस्थ साष्टांग नमस्काराच्या स्थितीत पोचले की त्यांना आमची पावलं दिसतात, हेही माझ्या लक्षात आलं. म्हणजे ते आता रीतसर पाया पडत होते. भाचा कॉलेजात आहे. तो म्हणाला, “मामा, ॲन्कल लेन्थ आहे. हल्ली असंच घालतात.”

बेडरूमच्या खिडकीलाही त्याच ठाणातलं कापड आहे. पाच फूट उंचीची खिडकी, तिथलं आटणं पावणेचार इंच. प्रमाण तेच, पण खिडकीखाली भिंत असल्यामुळे कुणाला कळत नाही. जिथे पाहुणे बसतात तिथेच टक्केवारी उघडी पडते.

मी इचलकरंजीला मामाला फोन लावला. मामाने पस्तीस वर्षं प्रोसेस हाउसमध्ये काढली आहेत. पडदे आटले म्हटल्यावर तो इतका खूश झाला की आधी मामीला हाक मारून सांगितलं.

“आरं लेका, कापड आटत न्हाई,” तो म्हणाला. “ते आपल्या घरला जातंय.”

“म्हणजे?”

“म्हंजे बग. मागावर ताणा ओढून धरत्यात. प्रोसेसला गेलं की ओलं ओढत्यात. स्टेंटरवर दोन्ही कडंला पिना टोचून रुंदीला ओढत्यात आनि तसंच वाळवत्यात. गुंडाळताना बी ओढत्यात. बिचाऱ्याला कुनी सैल सोडलंच न्हाई. तू पानी दावलंस, सुटलं, गेलं घरला.”

मग त्याने बरंच काही समजावलं. कापसाचा धागा पाण्यात फुगतो. फुगलेल्या धाग्यावरून वर-खाली जायला उभ्या धाग्याला जास्त वाट लागते, आणि ती वाट तो लांबीतून वळती करून घेतो. ओढ सगळ्यात जास्त ताण्याला, म्हणून आटतंही उभंच जास्त. आडवा बाणा त्या मानाने शांत. पडद्यात ताणा उभा असतो. म्हणून पडदा वर जातो, पण अरुंद झाल्याची तक्रार कोणी करत नाही. नावातच ताण असलेल्या धाग्याकडून मी काय अपेक्षा ठेवली होती कोण जाणे.

“मग यावर इलाज नाही शोधला कुणी?”

शोधला होता. अमेरिकेत सॅनफर्ड क्लुएट नावाच्या गृहस्थांनी, १९३० च्या सुमारास. त्यांची कंपनी ॲरोच्या कॉलर आणि शर्ट बनवायची, म्हणजे आटणं हा तिथे थेट गिऱ्हाइकाच्या गळ्याशी येणारा विषय. त्यांच्या यंत्रात ओलसर कापड एका जाड पट्ट्यावरून जातं. ताणलेला पट्टा मूळ लांबीवर येतो तसा कापडालाही सोबत आखडवतो. थोडक्यात, गिऱ्हाइकाच्या घरी आटायचं ते कारखान्यातच आटवून पाठवायचं. पुढे उरतं ते शंभराला एकाहूनही कमी. त्यांच्या नावावरून त्या कापडाला सॅनफोराइज्ड म्हणू लागले. मामाला काठावरचा तो शिक्का आठवतो. “पन त्यात गिरणीवाल्याची लांबी जातीया न्हवं,” तो म्हणाला. “शंभर मीटर घातलं तर चौऱ्याण्णव बाहेर येनार. त्यापरीस तुझ्या हॉलमदी आटलेलं बरं.” मला हे फार पटलं. मीटरवर विकायच्या वस्तूला ताणून ठेवण्यात ज्याचा फायदा आहे, तो तिला सैल सोडेल कशाला? मी अकरा मीटरचे पैसे भरले होते. त्यातला जवळजवळ पाऊण मीटर नुसता ताण होता.

एवढं शास्त्र घेऊन मी दुकानात गेलो. सोबत बिल, इंची टेप आणि कालनिर्णयचं जुलैचं पान.

दुकानदार शांतपणे म्हणाला, “कॉटन है साहब. थोडा तो चढेगा.”

मी म्हटलं, किती?

“तीन टक्का तो पूरा मार्केट मानता है.”

तीन टक्के ऐकून माणूस गप्प बसतो, कारण आकडा फार सभ्य आहे. महागाई भत्ता तीन टक्क्यांनी वाढला की आपण ऑफिसात पेढे वाटतो. पण माझ्याकडे पान होतं. ९६ इंचांचे ९० झाले, म्हणजे सव्वासहा टक्के. माझ्या वाट्याचे तीन सोडून उरलेल्या सव्वातीन टक्क्यांचं बोला.

“आपने धोया?”

मी कबूल केलं. त्याने बिल उलटं केलं. मागे, मुंगीने घाईत लिहावं तशा अक्षरात, फक्त ड्राय क्लीन असं छापलेलं होतं. मी विचारलं, पाऊस आला तर त्याला हे कोणी सांगायचं? तो म्हणाला, पाऊस यायच्या आधी दार लावायचं. घरात चालू असलेल्या चौकशीचा निकाल त्याने दुकानात बसून लावून टाकला. वर शिंप्याकडे बोट दाखवलं: दुमड सोडवा, खाली कापड असेल.

शिंप्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून. मास्टरने दुमड उलटून बघितली. दीड इंच, दोनदा वळलेली. म्हणजे सगळी उसवली तरी तीन इंच, आणि त्यातही नवी टीप घालायला जागा हवीच. मी मनातल्या मनात हिशेब केला. पॅनलला १०८ इंच कापड. पडदा ९६, खाली तीन, वर कड्यांच्या पट्टीत चार. झाले १०३. प्रत्येकी पाच इंच कुठे गेले? उत्तर समोरच होतं. मास्टरच्या शिलाई मशीनवर एक सुरेख झाकण होतं. मोतिया रंगावर फिकट हिरवी पानं. त्याने माझी नजर पाहिली आणि हात फिरवून झाकण जरा सारखं केलं. शिंप्याकडे उरलेलं कापड मागायचं नसतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. ते मागितलं की पुढचा कपडा काखेत आवळतो.

त्यानंतरचे काही आठवडे सल्ल्यांचे होते. दांडा सहा इंच खाली घ्या, असं निम्म्या लोकांनी सांगितलं. दाराच्या वर काँक्रीटची तुळई आहे. ड्रिलने तिला दोन खळगे पाडेपर्यंत खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी तीनदा इंटरकॉम केला. शिवाय दांडा खाली घेतला की सहा इंच खालचे वर जातात, एवढंच होतं. खळगे अजून आहेत; त्यांच्यावर आम्ही एक वारली चित्र लावलं आहे, उंच टाचा करून बघावं लागतं. मामाने पडदे ओले करून ताणून इस्त्री करायला सांगितलं होतं. मी त्यावर सुधारणा म्हणून ओल्या पडद्याला खाली चिमटे लावले आणि चिमट्यांना डंबेल. एक इंच मिळाला. एक डंबेल निसटून फरशीला टवका गेला. पुढच्या दमट हवेत तो इंचही घरला गेला.

सरतेशेवटी बायकोने निर्णय घेतला: खाली पट्टा जोडायचा. तेच कापड मिळेना, माल संपला होता. मग मेंदी रंगाचं जाड सुती कापड घेतलं. पट्टे लांब हवेत, मधे जोड नको, म्हणून मास्टरने ते कापडाच्या लांबीतून उभे फाडले आणि पडद्याला आडवे लावले. गणपती चार दिवसांवर आले होते. “दो घंटे में देता हूँ,” तो म्हणाला आणि दिलेही. हिरव्या पानांखाली मेंदीचा पट्टा, पुन्हा फरशीपर्यंत. आधीपेक्षाही भरदार. कबुतरं दारात येऊन परत गेली.

आईने पट्टा दोन बोटांत चुरगाळला. माझ्याकडे बघितलं. काही विचारलं नाही. त्याने जास्त त्रास झाला.

आता पडदा फरशीला टेकतो म्हटल्यावर जे व्हायचं ते सुरू झालं. कामाला येणाऱ्या मावशी रोज सकाळी ओल्या पोच्याने फरशी पुसतात, तेव्हा पट्ट्याला रोज न्हाण. पट्टा न भिजवलेला, त्याचा ताणा आडवा. वरचा पडदा आपल्या घरी पोचून निवांत बसलेला. पट्टा रोज थोडा आखडत गेला आणि वरच्या कापडाला सोबत गोळा करत गेला. दसऱ्यापर्यंत जोडाच्या वर बारीक बारीक, एकसारख्या चुण्यांची ओळ उभी राहिली. न भिजवलेल्या फॉलची साडी नेसून माझा हॉल उभा होता. मी उसवायची कात्री शोधत होतो, तेवढ्यात बेल वाजली.

समोरच्या इमारतीतले गृहस्थ, सपत्नीक. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले होते. शर्ट घातल्यामुळे मी त्यांना क्षणभर ओळखलं नाही. सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांची नजर पडद्याकडे गेली.

“तुमचे पडदे आम्ही रोज बघतो,” ते म्हणाले. “मधे जरा आखूड होते, नाही का?”

मी पाणी आणायला उठलो. पण काकू पडद्याशी जाऊन चुण्यांवरून हात फिरवत होत्या. “अगंबाई, काय नाजूक झालर आहे ही! मशीनवर अशी येत नाही. लग्नाआधी आम्हालाही हॉलचे करायचेत. कुठे शिवली हो? त्या शिंप्याला नेमकं काय सांगायचं?”

बायकोने माझ्याकडे बघितलं, मी वारली चित्राकडे. आईने हातातली वात खाली ठेवली नाही.

“काही सांगू नका,” ती म्हणाली. “घाई आहे म्हणा फक्त.”